देशांचे उंबरठे आणि गारगोटीची वाट

कोल्हापूरहून दक्षिणेला निघालेली एस.टी. बिद्रीच्या साखर कारखान्यावरून मुदाळतिट्ट्यावर येते. तिथे वाटा फुटतात. एक निपाणीकडे, एक राधानगरीकडे आणि एक सरळ गारगोटीकडे. दोन्ही बाजूंना उसाचे फड, मधे मधे भाताची खाचरे आणि पुढे वेदगंगेचे पात्र. पन्नासेक किलोमीटरचा हा प्रवास संपला की भुदरगड तालुक्याचे हे मुख्य ठिकाण लागते. बाजारपेठ बेताची, पण शाळा-कॉलेजांची गजबज मोठी. सकाळच्या गाड्यांतून खेड्यापाड्यांतली मुले-मुली दप्तरे घेऊन उतरतात आणि गाव जागे होते.

गारगोटीत गेलेल्याने दोन ठिकाणे पाहावीत. एक म्हणजे १९४२ च्या हुतात्म्यांचे स्मारक. १३ डिसेंबर १९४२ रोजी इथल्या सरकारी कचेरीवर क्रांतिकारकांनी चाल केली आणि सात जण गोळ्यांना बळी पडले. दुसरे म्हणजे मौनी विद्यापीठ. पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव घेऊन डॉ. जे. पी. नाईक यांनी ही संस्था उभारली. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या पोराला गावाजवळच चांगले शिक्षण मिळावे हा तिचा हेतू. पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव हेच नाईक होते. त्या आयोगावर ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, जपान आणि सोव्हिएत रशिया या देशांतले शिक्षणतज्ज्ञ बसले होते. एकमेकांवर बंदुका रोखलेल्या देशांची माणसे भारताच्या शाळांचा विचार करायला एका टेबलाभोवती आली, कारण भारताने त्यांच्यासाठी दार उघडले होते.

आज लिहायचे आहे ते याच दाराविषयी. परक्या देशाच्या दारात उभे राहून आत येण्याची जी परवानगी मागावी लागते तिला व्हिसा म्हणतात. पासपोर्ट आपले सरकार देते. हा माणूस आमचा आहे, एवढे तो सांगतो. व्हिसा दुसऱ्या देशाचे सरकार देते. या माणसाला आम्ही आत घेतो, असे तो सांगतो. पासपोर्ट म्हणजे आपल्या घरची ओळख आणि व्हिसा म्हणजे शेजाऱ्याच्या उंबरठ्यावरचे ‘या, बसा’. काही देश ‘या’ म्हणतात, काही ‘उद्या या’ म्हणतात आणि काही दार लावून घेतात.

गारगोटीसारख्या गावाचा आणि परदेशच्या दाराचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जवळचाच आहे. याच तालुक्यातला रांगणा किल्ला कोकणाकडे तोंड करून उभा आहे. घाट उतरून सावंतवाडी, बांदा ओलांडले की पत्रादेवी येते. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत तिथे पोर्तुगालची हद्द होती. बोली तीच, नातीगोती तीच, पण पलीकडचा गाव परदेश. १९५५ च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर भारताने सीमा बंद केली आणि सोयऱ्याधायऱ्यांची ताटातूट झाली. सीमा ही नकाशावरची रेघ असते खरी, पण ती माणसांच्या घरांतून जाते.

दार उघडे असले की काय घडते हे बौद्ध समाजाला वेगळे सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्यांच्या मुखातून त्रिशरण-पंचशील घेतले ते भदन्त चंद्रमणी महास्थवीर मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे. लहान वयात ते इकडे आले आणि कुशीनाऱ्यात राहिले. त्या काळी ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानातच मोडत होता. पुढे १९३७ साली तो वेगळा झाला. म्हणजे ते आले तेव्हा मधे परदेशाची चौकी नव्हती. कोणा कारकुनाने ‘तुमचे इथे काम काय, पैसे किती आणले, परत कधी जाणार?’ असे विचारून त्यांना माघारी धाडले असते तर?

दुसरे नाव भदन्त सुरई ससाई यांचे. जपानमधला हा तरुण भिक्खू १९६६ साली भारतात आला. राजगीरच्या शांतिस्तूपाच्या कामात त्याने हातभार लावला, मग नागपूरला आला आणि तिथेच रमला. मराठी शिकला, वस्त्यावस्त्यांतून फिरला, लोकांच्या सुखदुःखात मिसळला. व्हिसाची मुदत मात्र काही माणसाच्या मनावर चालत नाही. मुदत संपूनही ते राहिले म्हणून त्यांना देशाबाहेर घालवण्याचा खटला झाला. १९८७ मध्ये तो खटला निकालात निघाला आणि त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले. पुढे महाबोधी विहाराच्या लढ्यात ते पुढे उभे राहिले आणि दीक्षाभूमी स्मारक समितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. आज जपानी माणूस नागपूरचे नाव ऐकतो ते पुष्कळदा ससाईंमुळे. एका माणसाला राहू दिले म्हणून दोन देशांमध्ये जेवढे नाते जुळले तेवढे शंभर करारांनी जुळले नसते.

याच ताकदीला हल्ली ‘सॉफ्ट पॉवर’ म्हणतात. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील प्राध्यापक जोसेफ नाय यांनी हा शब्द रूढ केला. रणगाड्याने किंवा पैशाने दुसऱ्याला वाकवणे ही एक ताकद. आपल्या वागण्याने, विचाराने, कलेने दुसऱ्याला आपलेसे करणे ही दुसरी ताकद. शब्द नवा, पण गोष्ट जुनी आहे. सम्राट अशोकाने महेंद्र आणि संघमित्रेला सिंहलद्वीपात पाठवले तेव्हा त्यांच्यासोबत सैन्य नव्हते. तरी श्रीलंकेत आजही भारताचे नाव निघाले की आधी बोधिवृक्षाची फांदी आठवते.

मराठी माणसांतले उदाहरण सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले. जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांची सेवा करता करता कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. गारगोटीच्या कचेरीवर चाल झाली त्याच्या अवघे चार दिवस आधी. वय होते ३२. त्यानंतर १९६२ मध्ये भारत-चीन युद्ध झाले, सीमेवर पुन्हा पुन्हा तणाव आला, पण चीनमध्ये कोटणीसांचा पुतळा उभाच राहिला आणि दिल्ली-मुंबईला आलेले चिनी नेते त्यांच्या घरच्यांना आवर्जून भेटत राहिले. सरकारे भांडतात, पण एका डॉक्टरने बांधलेले मलमपट्टीचे ऋण राहते.

आता बंद दारांकडे पाहू. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. जातीचा स्पर्श नसलेले मोकळे वारे त्यांना तिथे मिळाले, हे आपण जाणतो. पण त्याच अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने आशियातील बहुतेक देशांच्या मजुरांना आणि स्थलांतरितांना दार बंद केले. चिनी मजुरांना तर १८८२ पासूनच मज्जाव होता. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणसाला अमेरिकेचा नागरिक होता येणार नाही असा निकाल दिला. नुकसान कोणाचे झाले? दुसऱ्या महायुद्धात जपान आशियाई जनतेला सांगू लागला, ‘पाहा, ज्यांच्या बाजूने तुम्ही लढता ते तुम्हाला दारातही उभे करीत नाहीत.’ अमेरिकेला याचे उत्तर देता येईना. शेवटी १९४३ मध्ये चिन्यांवरची बंदी उठवावी लागली आणि १९४६ मध्ये भारतीयांसाठी वर्षाला १०० जणांची जागा ठेवण्यात आली. शंभर म्हणजे एका एस.टी.त आणि तिच्या टपावर मावतील एवढी माणसे. पण त्या कायद्याने नागरिकत्वाचा हक्कही मिळाला. दार उघडले ते दयेने नव्हे. बंद दार महागात पडते हे कळले म्हणून.

दार आतूनही बंद करता येते. अमेरिकेतील काळ्या लोकांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतले साम्य दोघांनीही ओळखले होते. पुढे अमेरिकन सरकारने ड्युबॉइस यांना अनेक वर्षे पासपोर्टच दिला नाही. १९५७ मध्ये घाना देश स्वतंत्र झाला, त्याच्या सोहळ्याचे निमंत्रण त्यांना होते, पण जाता आले नाही. अमेरिका स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगते आणि आपल्या म्हाताऱ्या विद्वानाला घराबाहेर पडू देत नाही, हे साऱ्या आफ्रिकेने पाहिले. शत्रूला वेगळा प्रचार करायची गरजच उरली नाही.

तसाच प्रकार दक्षिण आफ्रिकेचा. वर्णद्वेषाविरुद्ध लढून मोकळा झालेला हा देश, नेल्सन मंडेलांचा देश. पण २००९ मध्ये शांतता परिषदेसाठी दलाई लामांना त्याने व्हिसा नाकारला. २०११ मध्ये आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या ८० व्या वाढदिवसाला त्यांना बोलावले होते, तेव्हाही व्हिसा वेळेवर दिला नाही. चीनची मर्जी राखण्यासाठी हे चालले आहे असे टुटू उघड बोलले. २०१२ मध्ये तिथल्याच न्यायालयाने सरकारची ती दिरंगाई बेकायदा ठरवली. २०१४ मध्ये केपटाऊनला भरणारी शांतता नोबेल विजेत्यांची परिषद याच कारणाने रद्द होऊन रोमला भरली. दलाई लामांचे काही अडले नाही. नाव गेले ते यजमानाचे.

व्हिसा हे सरकारांचे रागलोभ दाखवायचे हत्यारही झाले आहे. २०२० मध्ये चीनशी बिघडले आणि महामारी आली, तेव्हा कैलास-मानसरोवरची यात्रा थांबली ती २०२५ मध्येच पुन्हा सुरू झाली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कॅनडाशी खटका उडाला, भारताने कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा देणे काही काळ थांबवले. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. सुरक्षेचा प्रश्न खरा असतो, ते नाकारण्याचे कारण नाही. पण प्रत्येक वेळी लग्नाला निघालेली बहीण, इलाजाला आलेले मूल आणि परीक्षेला बसायचा विद्यार्थी यांची वाट आधी अडते. त्यांनी तर कोणाचे काही बिघडवलेले नसते.

उलट मोकळ्या दाराची उदाहरणे पाहा. ३१ जुलै १९५० च्या करारामुळे भारत आणि नेपाळ यांच्यामध्ये येण्याजाण्याला व्हिसा लागत नाही. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर भाषण केले, त्याच दौऱ्यात लुंबिनीलाही गेले. आज आपल्याकडची साधी मजूर कुटुंबे पैसे साठवून तथागतांच्या स्थळांची यात्रा करतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून गाडी सोनौलीला पोहोचते, कमान ओलांडली की नेपाळ आणि तिथून लुंबिनी. निवडणुकीचे ओळखपत्र जवळ असले की झाले. ज्या बाईने आयुष्यात मुंबईदेखील पाहिली नाही ती परदेशात जाऊन तथागतांचे जन्मस्थान पाहून येते. त्या बाईला नेपाळ परका वाटत नाही. हेच त्या कराराचे खरे यश आहे.

दुसऱ्या देशांच्या उपासकांसाठी भारताने २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये संगणकावरून व्हिसा देण्याची सोय सुरू केली. पहिल्याच यादीत थायलंड, म्यानमार, व्हिएतनाम, कंबोडिया, जपान हे देश होते. २०१५ मध्ये श्रीलंकेची भर पडली. बोधगयेला गेलात तर दिसेल, एकेका देशाने तिथे आपापल्या धाटणीचे विहार बांधले आहे. थाई, जपानी, भूतानी, व्हिएतनामी. थंडीच्या दिवसांत गयेच्या विमानतळावर त्या देशांतून थेट विमाने येतात. थायलंडनेही २०२३ च्या नोव्हेंबरपासून भारतीय पर्यटकांना व्हिसाची अट माफ केली. जो यात्रेकरू आनंदाने आत आला आणि आनंदाने परत गेला, तो आपल्या देशाचा बिनपगारी राजदूत होतो.

मात्र दुसऱ्यांची दारे मोजताना आपल्या दाराकडेही पाहिले पाहिजे. आपले पुणे परदेशी विद्यार्थ्यांचे मोठे केंद्र. इराण, अफगाणिस्तान, आफ्रिकेतील मुले तिथे वर्षानुवर्षे शिकत आली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले, तेव्हा भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधीचे सगळे व्हिसा सरकारने सुरक्षेसाठी रद्द केले. महामारीत घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. त्यांत मुलीही होत्या, ज्यांना तिकडे शाळा-कॉलेजही बंद झाले. ज्या मुलीला सावित्रीबाईंच्या पुण्यात शिकायचे होते तिचे दार दोन्हीकडून लागले. आणि नुसते आत घेऊन भागत नाही. मे २०१६ मध्ये दिल्लीत काँगोच्या एका तरुणाचा खून झाला, मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावाने मारले. आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी त्याला उघड वर्णद्वेष म्हटले. व्हिसाचा शिक्का कागदावर असतो. पण रंग पाहून खोली नाकारणारा घरमालक त्या शिक्क्यावर शाई फिरवतो. घर मागताना ‘आडनाव काय?’ हा प्रश्न आपल्यालाही आला आहे. म्हणून त्या मुलांचे दुखणे आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवे.

आता पुन्हा गारगोटीच्या घरांकडे येऊ. या घरांतून माणसे दोन वाटांनी परदेशी जातात, शिकायला आणि कामाला.

शिकायला जाणाऱ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७५ जागा ठरवलेल्या आहेत. नाव अगदी योग्य आहे. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांना तुमचा पुढारी म्हणून समाजापुढे उभे केले आणि त्याच वर्षी लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायला त्यांना पैशाची मदतही केली. आज शिष्यवृत्ती मिळाली, विद्यापीठाने घेतले, तरी व्हिसाची खिडकी उरतेच. ब्रिटनला स्वतःच्या पैशाने जाणाऱ्याच्या खात्यात ठरलेली रक्कम सलग २८ दिवस दिसावी लागते. हजेरीवर काम करणाऱ्या बापाच्या खात्यात एवढी रक्कम २८ दिवस सोडा, २८ तासही दिसणार नाही. सरकारी शिष्यवृत्ती असेल तर तिचे मंजुरीपत्र तिथे कामी येते, म्हणून ते जिवापाड जपावे. अमेरिकेचा कायदा तर असा की, विद्यार्थी म्हणून येणारा माणूस कायमचा राहायलाच येतो आहे असे धरून चालायचे आणि तसे नाही हे त्यानेच पटवून द्यायचे. आधी संशय, मग पुरावा. ज्याच्याकडे जमीन, घर, धंदा आहे तो ‘मी परत येईन’ हे सहज दाखवतो. भूमिहीनाच्या लेकीने काय दाखवावे? फी एकदा भरली की नकार आला तरी परत मिळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बी नोकरीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचा आकार लावला. असे दर वाढतात तेव्हा पहिला बाहेर पडतो तो गरीब घरातला हुशार मुलगा. त्या देशाला ते कळतही नाही, कारण जो दारापर्यंत आलाच नाही त्याची नोंद कुठे होते?

कामाला जाणाऱ्यांनी जास्त सावध राहावे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर परदेशी नोकरीसाठी सरकारी तपासणीची अट असते. आखाती देश धरून १८ देशांत नोकरीला जायचे तर ‘प्रोटेक्टर’ची मंजुरी लागते. ही कटकट नसून कवच आहे. एजंट सरकारी नोंदणीचा आहे का ते आधी पाहावे. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त घेण्याचा अधिकार नाही. ‘आत्ता टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे नोकरीचा करून देतो’ असे कोणी म्हणाले की समजावे, हा खड्डा आहे. आखातात पुष्कळ ठिकाणी मजुराचा व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. मालक सोडला तर राहण्याचा हक्क जातो. पासपोर्ट मालकाच्या कपाटात देऊ नये, त्याची झेरॉक्स घरी ठेवावी, आणि भारतीय दूतावासाचा नंबर घरच्यांकडे लिहून द्यावा. पासपोर्टसाठी आता पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत, कोल्हापुरातच पोस्टाच्या केंद्रात काम होते.

आणि हा पासपोर्ट मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्यानंतरच त्या वर्षीचा पासपोर्ट कायदा आला. म्हणजे आपल्या देशाचे दार बाहेर जाण्यासाठी घटनेने उघडून ठेवले आहे. पलीकडचे दार उघडणे मात्र त्या त्या देशाच्या शहाणपणावर अवलंबून आहे.

प्रत्येक देशाला आपल्या दाराची राखण करायचा हक्क आहे. पण राखण करणे वेगळे आणि दारात उभ्या असलेल्याला हिणवणे वेगळे. विहिरीच्या काठावर, देवळाच्या पायरीवर, हॉटेलच्या बाकड्यावर ज्यांना पिढ्यान् पिढ्या अडवले गेले त्यांना हा फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही. अडवणाऱ्याला वाटते की आपण मोठे ठरलो. जग मात्र त्याला लहान म्हणून ओळखते. देशाचेही तसेच. तो किती बलवान आहे हे त्याच्या सैन्यावरून कळते, पण तो किती मोठा आहे हे त्याच्या दारात आलेल्या गरीब माणसाशी तो कसे बोलतो यावरून कळते.

गारगोटीच्या शाळेत आज जी मुलगी भूगोलाच्या पुस्तकात जगाचा नकाशा रंगवते आहे, तिला उद्या यातली बरीच दारे ठोठवावी लागणार आहेत. आपल्या हातात एवढे आहे की, तिचे कागद नीट असावेत, शिक्षण पक्के असावे आणि मान ताठ असावी. आणि तिच्या वर्गात, तिच्या गल्लीत कोणी परका आला, तर त्याला ‘या, बसा’ म्हणणारी ती पहिली असावी.